रंगवलेलं चित्र, लिहिलेलं चित्र

वेबसाइट बांधणाऱ्या प्रोग्रामरच्या कामात एक करडा चौकोन हमखास असतो. पान तयार असतं, बटणं चालत असतात, फॉर्म भरला जात असतो आणि मधोमध तो चौकोन: 'इथे चित्र येईल'. हा चौकोन भरायचे पूर्वी तीन मार्ग होते. डिझायनरच्या मागे लागायचं, फुकट छायाचित्रं देणारी संकेतस्थळं धुंडाळत बसायचं, नाहीतर चौकोन तसाच ठेवून ग्राहकाला 'हे सध्या डमी आहे' असं सांगायचं. तिसरा मार्ग सर्वांत लोकप्रिय होता. अलीकडे चौथा मार्ग निघाला आहे. ज्या खिडकीत कोड लिहायचा, तिच्याच कडेच्या चॅटमध्ये दोन ओळी टाइप करायच्या. थोड्या वेळात चित्र तयार होऊन प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये येतं आणि पानाच्या कोडमध्ये त्याचा पत्ताही लिहिला जातो.

कोड एडिटर हे मुळात अक्षरांचं यंत्र आहे. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहायला घेतलेला व्हीआय असो किंवा रिचर्ड स्टॉलमन यांचा ईमॅक्स, त्या काळच्या टर्मिनलच्या पडद्यावर ओळीला ऐंशी अक्षरं मावत आणि चित्राला जागाच नसे. मजकुराच्या मधे चित्र दाखवता यायला ईमॅक्सला एकविसावी आवृत्ती आणि २००१ साल उजाडावं लागलं. मग आजच्या एडिटरला हे इतक्या सहज कसं जमतं?

कारण आज सर्वाधिक वापरला जाणारा एडिटर, मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड, आतून ब्राउझरच आहे. 'डिझाइन पॅटर्न्स' या १९९४ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक असलेले एरिक गामा २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले. झ्युरिकमधल्या त्यांच्या चमूने आधी ब्राउझरमध्ये चालणारा 'मोनॅको' हा एडिटर बनवला. त्याच्यावर उभा केलेला व्हीएस कोड २९ एप्रिल २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल्ड परिषदेत जाहीर झाला. त्याच्या बुडाशी आहे इलेक्ट्रॉन, म्हणजे क्रोमियम ब्राउझर आणि नोड यांची जोडी. गंमत अशी, की इलेक्ट्रॉन गिटहबने स्वतःच्या ॲटम या एडिटरसाठी घडवलं होतं. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याच्यासाठी घातलेल्या पायावर त्याचा प्रतिस्पर्धी जगभर पसरला. पोटात ब्राउझर असल्यामुळे चित्र दाखवणं हा व्हीएस कोडला डाव्या हाताचा खेळ आहे. त्यात चित्राची फाइल उघडली की दिसणारी खिडकीसुद्धा एडिटरसोबतच येणाऱ्या एका एक्स्टेन्शनचं काम असतं. तेव्हा दाखवण्याची सोय आधीपासून होती, प्रश्न होता तो फक्त चित्र घडवण्याचा.

एडिटरमध्ये बसून चित्र घडवायचा सर्वांत साधा रस्ता म्हणजे नोटबुक. ज्युपिटर नोटबुकमध्ये कोडचा एक तुकडा लिहायचा, चालवायचा आणि उत्तर त्याच्याच खाली पाहायचं. हगिंग फेसची 'डिफ्यूजर्स' ही पायथनची लायब्ररी हाताशी असेल, तर मॉडेल उतरवून घेणं, वर्णन देणं आणि चित्र मिळवणं हे पाच-सात ओळींत होतं. मात्र त्यासाठी संगणकात बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं, किंवा तसं कार्ड असलेला संगणक भाड्याने घ्यावा लागतो.

दुसरा रस्ता एजंटचा. कर्सरसारख्या एडिटरमध्ये किंवा व्हीएस कोडमधल्या कोपायलटमध्ये भाषेचं मॉडेल असतं. त्याला तुम्ही चित्र मागता, पण ते मॉडेल बहुधा स्वतः चित्र रंगवत नाही. ते हाताशी असलेल्या साधनांची यादी पाहतं, त्यातलं चित्र बनवणारं साधन निवडतं आणि त्याला वर्णन, आकार, दर्जा वगैरे कळवतं. अशी साधनं एडिटरला जोडण्याची एक सामायिक पद्धत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडली, तिचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी. साधन मग इंटरनेटवरच्या चित्रसेवेला विनंती पाठवतं. ती सेवा पुष्कळदा उत्तर देते ते मजकुराच्या रूपात.

म्हणजे चित्र अक्षरं होऊन येतं. पीएनजी फाइल ही बाइट्सची रांग. तिचा पहिला बाइट १३७, पुढचे तीन ८०, ७८ आणि ७१, म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. बाइट्सची अशी रांग मजकुरातून पाठवायची म्हणून बेस-६४ नावाची लिपी वापरतात. दर तीन बाइट्सची चार अक्षरं होतात आणि सगळा मजकूर चौसष्ट चिन्हांत बसवला जातो. सगळ्या पीएनजींची सुरुवात सारखी असल्यामुळे बेस-६४ मधली कुठलीही पीएनजी 'आय व्ही बी ओ आर' याच अक्षरांनी सुरू होते. सराईत प्रोग्रामर एवढ्यावरूनही चित्र ओळखतो. या रूपांतरात चित्राचं वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. दहा लाख बाइट्सचं चित्र तेरा लाखांहून अधिक अक्षरांची एकच लांबलचक ओळ होतं. ही ओळ चुकून चॅटच्या संभाषणात शिरली, तर भाषेच्या मॉडेलची सगळी स्मरणजागा तीच खाऊन टाकते. म्हणून नीट बनवलेलं साधन ती ओळ उलगडून फाइल डिस्कवर ठेवतं आणि मॉडेलला फक्त फाइलचा पत्ता देतं. नोटबुकमध्ये मात्र चित्र फाइलच्या आतच बेस-६४ मध्ये साठतं. वीस ओळींच्या नोटबुकचं वजन काही मेगाबाइट का झालं, या नवशिक्याच्या कोड्याचं उत्तर तिथे आहे.

आता पलीकडच्या टोकाला काय घडतं ते पाहू. २०१५ मध्ये जॅशा सोल-डिक्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्मागतिकीतली एक कल्पना यंत्रशिक्षणात आणली. शाईचा थेंब पाण्यात पसरतो तेव्हा रचना हळूहळू मोडत जाते. ही मोडतोड पायरीपायरीने केली, तर प्रत्येक पायरी उलटी फिरवायला यंत्राला शिकवता येईल का? २०२० मध्ये बर्कलीच्या जोनाथन हो, अजय जैन आणि पीटर अबील यांनी हे खरोखर देखणी चित्रं देईल इतकं जमवून दाखवलं. चित्रात थोडा गोंगाट मिसळायचा, मग आणखी थोडा, असं हजार पायऱ्यांपर्यंत. शेवटी अँटेना हलल्यावर जुन्या टीव्हीवर यायच्या तशा नुसत्या मुंग्या उरतात. मॉडेलला एकच काम शिकवायचं: या चित्रात मिसळलेला गोंगाट कोणता, ते ओळख. ओळखता आला की वजा करता येतो. चित्र बनवताना सुरुवात शुद्ध मुंग्यांपासून करायची आणि वजा करत जायचं.

हे काम प्रत्येक पिक्सेलवर करणं महागडं होतं. म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातले रॉबिन रोम्बाख आणि सहकारी यांनी आधी चित्र आकसून घेण्याची युक्ती केली. ५१२ बाय ५१२ च्या रंगीत चित्रात ७,८६,४३२ आकडे असतात. त्यांच्या पद्धतीत त्याचे १६,३८४ होतात, म्हणजे अठ्ठेचाळीसपट कमी. गोंगाट काढायचा तो या आकसलेल्या रूपातून, आणि अखेरीस ते फुलवून पूर्ण चित्र करायचं. याच पायावरचं स्टेबल डिफ्यूजन २२ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वांना खुलं झालं. सुमारे ४ जीबीची फाइल, घरच्या गेमिंग संगणकावर चालणारी. चित्र घडवणं एडिटरपर्यंत पोहोचलं ते माझ्या मते त्या दिवशी. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये आलेलं ओपनएआयचं दाल-ई २ कंपनीच्या दारामागे होतं. हे मात्र प्रोग्रामरच्या डिस्कवर आलं, आणि डिस्कवर आलेल्या गोष्टीला प्रोग्रामर काय काय जोडत सुटतो हे सांगायला नको. पुढे सगळ्यांनी गोंगाट काढण्याचीच वाट धरली असंही नाही. ओपनएआयने मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत आणलेलं मॉडेल भाषेच्या मॉडेलसारखं, आधीचं पाहून पुढचं ठरवत, चित्र घडवतं.

एडिटरमध्ये चित्राचा दुसरा एक प्रकारही जन्माला येतो, आणि या प्रकरणातला खरा मुद्दा तो आहे. हे चित्र रंगवत नाहीत, लिहितात. एसव्हीजी हे चित्राचं स्वरूप वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने सप्टेंबर २००१ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केलं. एसव्हीजी फाइल उघडली तर आत वाचता येणारा मजकूर असतो: अमुक बिंदूभोवती चाळीस त्रिज्येचं वर्तुळ, रंग केशरी, त्याखाली निळी रेघ, जाडी दोन. हे लिहायला चित्राचं वेगळं मॉडेल लागत नाही. जो मजकूर लिहितो तोच हे लिहितो, म्हणजे एडिटरमधलं भाषेचं मॉडेल.

कोड लिहून चित्र काढणं जुनंच आहे. सीमेन्समध्ये काम करणारे गणिती गेऑर्ग नेस यांनी प्रोग्राम लिहून प्लॉटरवर काढलेली चित्रं फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्टला प्रदर्शनात मांडली होती. फरक असा, की नेस यांना काय काढायचं ते माहीत होतं. नुसत्या मजकुरावर शिकलेल्या भाषेच्या मॉडेलने आयुष्यात काही पाहिलेलंच नसतं, तर ते आकार कुठून आणणार? मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे सेबास्तियाँ बुबेक आणि सहकारी यांनी मार्च २०२३ च्या निबंधात हाच प्रश्न जीपीटी-४ ला घातला. त्यांनी त्याच्याकडून युनिकॉर्नचं, म्हणजे कपाळावर शिंग असलेल्या काल्पनिक घोड्याचं, चित्र कोडमध्ये लिहवून घेतलं. मग त्यांनी एका युनिकॉर्नच्या कोडमधून शिंगाचा भाग काढून टाकला, बाकीच्या कोडमध्ये फेरफार केले आणि शिंग परत लावायला सांगितलं. मॉडेलने डोकं कुठे आहे ते ओळखून शिंग तिथेच बसवलं. जँगो या वेब फ्रेमवर्कचे एक निर्माते सायमन विलिसन यांची कसोटी आणखी खोडकर आहे. सायकलवर बसलेला पेलिकन एसव्हीजीत काढ, असं ते प्रत्येक नव्या मॉडेलला सांगतात. सायकलची चौकट भल्याभल्यांना आठवणीतून धड काढता येत नाही आणि पेलिकनला सायकलवर बसायचं काही कारणच नाही. त्यामुळे पाठांतर इथे फारसं कामी येत नाही.

एडिटरमध्ये बसलेल्या माणसाला लागणाऱ्या चित्रांचा मोठा हिस्सा या दुसऱ्या जातीचा असावा, असं माझं ठाम मत आहे. बटणावरची खूण, रिकाम्या यादीच्या जागचं छोटं रेखाटन, प्रणालीची आकृती, आलेख. यातलं काहीही रंगवून घेणं चूक आहे. आलेख तर मुळीच नको. कोयना, जायकवाडी आणि उजनी या धरणांतल्या पाणीसाठ्याचा आलेख तुम्ही चित्राच्या मॉडेलकडे मागितलात, तर ते देखणे निळे स्तंभ रंगवून देईल. पण त्या स्तंभांच्या उंचीचा तुमच्या आकड्यांशी खात्रीचा संबंध नसेल. तेच काम भाषेच्या मॉडेलला 'आलेख काढणारा कोड लिही' म्हणून सांगा. उंची आकड्यांवरून मोजली जाईल, आकडे चुकले तर शोधता येतील आणि उद्या साठा बदलला की आलेखही बदलेल. खुणांचंही तसंच. ब्राउझरच्या टॅबवरची खूण १६ बाय १६ पिक्सेलची असू शकते आणि ॲपलच्या ॲप स्टोअरला तीच १०२४ बाय १०२४ ची लागते. रंगवलेलं चित्र सोळा पिक्सेलवर आणलं की त्याचा डाग होतो. लिहिलेली खूण कोणत्याही आकारात रेखीव राहते, आणि लहान आकारासाठी तिची एखादी रेघ गाळता येते.

रंगवायचं ते बाकीचं: पानाच्या वरचा मोठा देखावा, खेळातली पार्श्वभूमी, गोष्टीतलं चित्र. इथे मराठी वाचकाला एक अडचण लगेच भेटते. चित्रात देवनागरी मजकूर मागितला की जोडाक्षरं मोडतात. 'ज्येष्ठ नागरिक सवलत' अशी पाटी मागावी आणि 'ष्ठ'च्या जागी शिरोरेषेला लटकलेलं काहीतरी अगम्य यावं, हा प्रकार नवी मॉडेलं पुष्कळ सुधारली तरी संपलेला नाही. याचं कारण उघड आहे. चित्राचं मॉडेल अक्षराचा आकार शिकतं, तो घडवणारा नियम शिकत नाही. बहुतेक ब्राउझरमध्ये मात्र हार्फबझ नावाची लायब्ररी नेमका हाच नियम चालवते: ष, हलन्त आणि ठ एकत्र आले की फाँटमधला कोणता आकार उचलायचा. म्हणून मराठी पाटी रंगवून घेऊच नये. चित्रात जागा मोकळी सोडायला सांगावी आणि मजकूर वरून कोडने बसवावा. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या मुक्ता किंवा बलूसारखे देवनागरी फाँट त्यासाठी फुकट मिळतात. असा मजकूर शोधयंत्राला सापडतो, अंध वाचकाला ऐकता येतो आणि शुद्धलेखनाची चूक निघाली तर पुन्हा चित्र घडवावं लागत नाही.

वर्णन मराठीत दिलं तर चालतं का? स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांत फारसं चालत नसे. ज्या लायन-५बी संग्रहातून त्यांचं शिक्षण झालं, त्यात ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या, पण वापरला तो मुख्यतः इंग्रजी हिस्सा, २३२ कोटींचा. वर्णनही ७७ टोकनांच्या, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांच्या, आत बसवावं लागे. आता मधे भाषेचं मॉडेल असल्यामुळे मराठी समजून घेतली जाते, पण ते मॉडेल तुमचं वर्णन पुढे पाठवताना स्वतःच्या शब्दांत फुलवतं. ओपनएआयचं दाल-ई ३ तर असं बदललेलं वर्णन चित्रासोबत परत पाठवत असे. ते वाचायची सवय लावून घ्यावी. 'ससून डॉकवर नऊवारी नेसलेली कोळीण' या वर्णनातून नऊवारी गळाली आणि 'भारतीय कोळी स्त्री, रंगीत साडी' एवढंच उरलं, तर चित्र सुंदर येईल आणि बाई कुठलीही येईल. चूक चित्राच्या मॉडेलमध्ये शोधण्याआधी वर्णनात शोधावी.

पैशाचं आणि चाव्यांचंही पाहायला हवं. चित्रसेवा वापरायला गुप्त चावी लागते, आणि ती कोडमध्येच चिकटवून कोड गिटहबवर टाकणारे कमी नाहीत. उघड्या कोडमध्ये अशा चाव्या हुडकत फिरणारे प्रोग्राम असतात. चावी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि ती फाइल गिटला, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाला, वगळायला सांगावी. दाल-ई ३ नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रोग्रामरांना खुलं झालं तेव्हा साध्या दर्जाच्या एका चौरस चित्राला ४ सेंट पडत. रक्कम किरकोळ वाटते, पण एजंट चित्र पाहून 'हे नीट जमलं नाही' असं स्वतःच ठरवून पुन्हा पुन्हा मागू लागला, की बिल वाढतं. त्याला मर्यादा घालून द्यावी.

कर्ता कोण, हा प्रश्न वकिलांचा आहे, तरी थोडक्यात. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये, यंत्राला कर्ता म्हणून नोंदवू पाहणाऱ्या थेलर यांच्या खटल्यात सांगितलं, की कॉपीराइटसाठी कर्ता माणूसच हवा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासूनच एक तरतूद आहे: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. ही तरतूद लिहिली गेली तेव्हा डिफ्यूजन मॉडेल कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शेवटचा मुद्दा चित्र पुन्हा घडवण्याचा. कोडची सवय झालेल्या माणसाला वाटतं, तेच वर्णन दिलं की तेच चित्र येईल. तसं होत नाही, कारण सुरुवातीच्या मुंग्या दर वेळी वेगळ्या असतात. त्या ठरवणारा एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या मॉडेलला तोच सीड दिला तर तेच चित्र मिळू शकतं. मात्र ग्राफिक्स कार्ड किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलली तर बारीक फरक पडू शकतो, आणि याची सूचना पायटॉर्च या लायब्ररीच्या कागदपत्रांतच दिलेली आहे. इंटरनेटवरच्या कित्येक सेवा सीड हाती देत नाहीत आणि जुनं मॉडेल कधीतरी बंदही करतात. कम्फीयूआयसारखी साधनं चित्र घडवण्याची पूर्ण कृती पीएनजी फाइलच्याच पोटात मजकूर म्हणून लिहून ठेवतात. ते चित्र पुन्हा कम्फीयूआयमध्ये ओढून टाकलं की सगळी मांडणी परत उभी राहते. पण वेबसाइटसाठी चित्र हलकं करणारे प्रोग्राम हा मजकूर बहुधा खरवडून टाकतात.

गिटला चित्रातला बदल वाचता येत नाही, मजकुरातला येतो. तेव्हा चित्रांच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि प्रत्येक चित्रामागे तिच्यात चार गोष्टी नोंदवा: मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, पाठवलं गेलेलं अखेरचं वर्णन, मिळाला असेल तर सीड आणि तारीख. एजंटला एकदा सांगून ठेवलंत, तर ही नोंद तोच करील.